तीन बेल

यातलं काहीही रंगवून सांगितलेलं नाही. ज्यांच्या घरात हे घडलं ती माणसं आजही धुळ्यात, देवपूरला राहतात. विचारलं तर विषय बदलतात, एवढंच.

तारीख १८ मे २०२३. गुरुवार. दुपारचे दोन वाजून गेले होते.

भुताखेतांचं सगळं रात्रीच घडतं, असं कोणी म्हटलं की समीक्षा नुसती बघत राहते. तिच्या घरात जे आलं ते भर उन्हात आलं होतं...

समीक्षा एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. तिचे वडील वाल्मीक, म्हणजे आबा, एसटीत तेहेतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यातली सतरा वर्षं धुळे-अमळनेर गाडीवर. आणि त्या सतराही वर्षांत कंडक्टर एकच. शिंदखेड्याचे झुलालनाना.

त्या मार्चमध्ये आबांची बायपास झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, उन्हात जायचं नाही, दगदग करायची नाही, आणि मनाला धक्का बसेल असं काही कानावर जाऊ द्यायचं नाही.

आबा नाशिकला आयसीयूत होते, तेव्हाच शिंदखेड्याहून फोन आला.

झुलालनाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

समीक्षानं आणि तिच्या आईनं, कलाबाईंनी, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवलं की आबांना कळू द्यायचं नाही. आबांनी विचारलं की एकच उत्तर. "नाना सुरतला मुलाकडे गेलेत. तिकडं फोन लागत नाही."

आबा "बरं" म्हणायचे. दोन दिवसांनी पुन्हा विचारायचे.

घरात बसून माणूस झुरायला लागला. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसायचा. मग समीक्षानं एक उपाय काढला. कॉलेजनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर तिनं आणला, साफ केला आणि त्यावर लिनक्स टाकलं. जुनं मशीन, दुसरं काही त्यावर धड चाललंच नसतं. आधी तिनं जुने खेळ टाकून दिले. विटा फोडायचा, रणगाड्यांचा, पत्त्यांचा.

आबांनी दोन दिवस विटा फोडल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हाई पोरखेळ शे, बेटा. मले गाडी दे."

गाडीचा खेळ होता. नव्यातला. बस चालवायची, स्टॉपवर थांबायचं, माणसं चढवायची-उतरवायची. पण तो लिनक्ससाठी बनलेलाच नव्हता. समीक्षानं दोन रविवार घालवले. एक चालू झालं की दुसरं बंद पडायचं. शेवटी खेळ सुरू झाला, तर इतका अडखळत की बघवेना. मशीनला भार कमी व्हावा म्हणून तिनं सगळी गर्दी काढून टाकली. रस्त्यावरच्या गाड्या बंद. प्रवासी बंद. उरली फक्त रिकामी बस आणि रिकामा रस्ता.

जुन्या बाजारातून गिअर-पेडलसकट एक स्टिअरिंगही आणलं. टेबलाला आवळलं.

आबा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. हात आपोआप वर गेला, आरसा नीट करायला. तिथं आरसा नव्हता.

कलाबाई दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसल्या. कितीतरी दिवसांनी.

मग रोजचा नेम झाला. जेवण झालं की कलाबाई आतल्या खोलीत पडायच्या आणि आबा गाडी काढायचे. आईची झोप मोडू नये म्हणून समीक्षानं मशीनला स्पीकर लावलेच नव्हते. गाडी एकदम मुकी. आवाज फक्त कूलरचा.

सुट्टी लागल्यावर समीक्षा दुपारी घरी असायची. एकदा तिनं पाहिलं, आबांनी मोकळ्या रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली होती.

"का थांबलात, आबा?"

"बेल झाली ना."

ती हसली. तेहेतीस वर्षांची सवय, अशी कशी जाईल?

आबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मान हलवली, गिअर टाकला.

"डबल बेल," ते स्वतःशीच पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पण तिसऱ्या दिवशी समीक्षाची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली.

तिथं प्रवाशांचा आकडा असायचा. नेहमी शून्य.

आज तिथं होतं... एक.

तिनं खेळ बंद केला. सगळ्या सेटिंग तपासल्या. प्रवासी बंदच होते. खेळ काढून टाकला, पुन्हा घातला, आकडा शून्य झाला. हुश्श म्हणून ती उठली.

त्याच संध्याकाळी चहा पिताना आबा म्हणाले, "झुलालसारखी बेल कोनी मारत नाही, बघ. दोन ठोके असे चिकटून. आम्ही एकमेकांचं तोंड न बघता बोलायचो, त्या दोरीवर."

समीक्षानं कप खाली ठेवला.

"एकदा मांडळच्या पुढं," आबा सांगत होते, "गाडीत एक बाई अडली. झुलालनं दोरी ओढली, एक, दोन, तीन. तीन बेल कुठं असते का? मी समजलो. मधे कुठंच थांबलो नाही. थेट अमळनेरच्या दवाखान्यात गाडी घातली. तेव्हापासून आमचं ठरलेलं. तीन बेल म्हणजे आता थांबायचं नाही. शेवटपर्यंत न्यायचं."

मग त्यांनी सहज विचारलं, "सुरतहून कधी येणार तो?"

समीक्षानं कलाबाईंकडे पाहिलं. कलाबाईंनी खाली.

आठवडाभर आकडा रोज वाढत गेला. चार. नऊ. पंधरा.

समीक्षानं आबांना "मशीन बिघडलंय" म्हणून दोन दिवस बसू दिलं नाही. त्या दोन दिवसांत ते जेवलेच नाहीत. शेवटी तिनंच पुन्हा चालू करून दिलं. ही चूक ती आजही स्वतःला माफ करत नाही.

आणि मग तो गुरुवार.

बाहेर पारा चव्वेचाळीसवर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आबा गाडीवर. समीक्षा मागं पलंगावर, हातात मोबाईल.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

कूलर घरघरत थांबला. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला.

घरात अशी शांतता कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

आणि त्या शांततेत समीक्षानं स्वतःच्या कानांनी ऐकलं...

टिंग.

स्पीकर नसलेल्या मशीनजवळून नाही. आबांच्या डोक्यावरून. छताजवळून. जिथं बसमध्ये घंटी असते तिथून.

तिनं वर पाहिलं. तिथं नुसतं छत.

टिंग.

आबांची पाठ ताठ झाली.

टिंग.

"तीन बेल व्हयनी," आबा हळूच म्हणाले.

त्यांनी पाय दाबला. स्क्रीनवरचा रस्ता सुसाट मागं पळायला लागला. स्टॉप आला, गेला. दुसरा आला, गेला. कोपऱ्यातला आकडा तेवीस होता.

"आबा, थांबा."

"थांबता येत नाही."

"आबा, खेळ आहे तो. थांबवा!"

"तीन बेल झाली ना, बेटा. शेवटपर्यंत न्यायचं."

ती पुढं जाऊन उभी राहिली. आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. डावा हात स्टिअरिंगवरून सुटून मांडीवर पडला होता. फक्त उजव्या हातानं ते गाडी चालवत होते... आणि स्क्रीनवरच्या रस्त्याच्या शेवटी काहीच नव्हतं. डोंगर नाही, आभाळ नाही. नुसतं पांढरं.

समीक्षानं बोर्डातली पिनच उपटली.

स्क्रीन काळी झाली.

आबा खुर्चीत मागं कलले. श्वास चालू होता.

आणि आतल्या खोलीतून कलाबाईंचा झोपेतला आवाज आला.

"कोन उनात वं, समीक्षा? इतला बठ्ठा माणसे?"

इतकी सगळी कोण माणसं आली, म्हणून समीक्षानं मागं वळून पाहिलं. खोली रिकामी होती.

पण दाराचा पडदा हलत होता. थोडा थांबायचा, पुन्हा हलायचा. थांबायचा, पुन्हा हलायचा. बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती.

शेजारच्या रिक्षातून आबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास उशीर केला असता, तर माझ्या हातात काही नव्हतं."

चौथ्या दिवशी आबा उशीला टेकून बसले, तेव्हा समीक्षानं सगळं सांगून टाकलं. झुलालनानांचं. मार्चचं. सुरतचं खोटं. सांगताना तिला रडू आवरेना.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माहीत होतं," ते म्हणाले. "सुरतला गेलेला माणूस रोज ड्युटीवर कसा येईल?"

मग त्यांनी शिंदखेड्याला यशोदाकाकूंना, झुलालनानांच्या बायकोला, फोन लावला. फोन ठेवण्याआधी काकू म्हणाल्या, "भाऊ, शेवटच्या दिवशी जेवताना ते एकच म्हणत होते. वाल्मीक अजून आला नाही, गाडीला उशीर होतोय."

त्या कॉम्प्युटरला पुन्हा वीज द्यायची समीक्षाची हिंमत झाली नाही. तिनं त्यातली डिस्क काढली आणि कॉलेजातल्या मशीनला लावली. खेळात काय काय झालं त्याची नोंद लिनक्समध्ये एका फाईलीत राहते. तिनं ती उघडली.

दोन वाजून तेरा मिनिटं. गाडी चालू, प्रवासी तेवीस.

त्यानंतर काही असायलाच नको होतं. दोन चौदाला तिनं पिन उपटली होती.

पण खाली आणखी एक ओळ होती.

दोन वाजून सोळा मिनिटं. दार उघडलं. उतरले, बावीस.

ती ओळ तिनं पाच वेळा वाचली. मग डिस्क काढली, लॅबला कुलूप लावलं आणि घरी येऊन कोणाला काही बोलली नाही.

पण कलाबाईंना सांगायची गरजच नव्हती. आबा दवाखान्यातून आले त्याच दिवशी त्यांनी पडवीत पाण्याचा माठ मांडला होता. शेजारी एक पेला.

"हे कशाला, आई?"

"उन्हातून आलेली माणसं आहेत," कलाबाई म्हणाल्या. "मधेच उतरवलं आपण त्यांना. कुठं जातील?"

माठ सकाळी काठोकाठ भरलेला असायचा. दुपारी चारला... तळ दिसायचा. पेला मात्र कोरडाच.

जूनमध्ये पाऊस आला. माठातलं पाणी हळूहळू कमी सरायला लागलं. अर्धा माठ. पाव माठ.

मग एका सकाळी समीक्षा माठ भरायला गेली, तर आबा पडवीत खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या मोकळ्या पायरीकडे बघत.

"इतकं नको भरू," ते म्हणाले. "बठ्ठा गयात. येकच ऱ्हायना."

सगळे गेले, एकच राहिला. कोण राहिलं, ते तिनं विचारलं नाही.

आबांनीच सांगितलं. अगदी साध्या आवाजात, जसं कोणी एसटीचं वेळापत्रक सांगावं.

"घाई नाही म्हणतो. तुझं सावकाश होऊ दे, मी बसतो."

तेव्हापासून तिनं माठात रोज दोनच तांबे पाणी घालायला सुरुवात केली. ते ज्या दिवशी सरणार नाही, त्या दिवशी नाना एकटे गेलेले नसतील.

आबांची तब्येत आता बरी आहे. डॉक्टर खूश आहेत. तरी समीक्षा दुपारी घरी असली की पडवीच्या दाराकडे पाठ करून बसत नाही. आणि रोज संध्याकाळी, आबांना हाक मारून त्यांनी ओ दिल्याशिवाय, ती माठाचं झाकण उघडून बघत नाही.