पाणी धरणारी टोपी

चोरून प्रेम करणारे तळ्यातल्या आमच्या बेटावर पुष्कळ. चोरून विणणारा मात्र साबिनाला त्या पावसाळी दुपारी पहिल्यांदाच भेटला.

आमच्याकडे पुरुष विणतात. बोटीची वाट बघताना विणतात, चढ चढताना विणतात, भांडण ऐन रंगात आलं तरी सुया थांबत नाहीत. त्यात लपवायचं काय? म्हणूनच टेकडीवरच्या इन्कांच्या पडक्या खोलीत, छप्पर जेमतेम उरलेल्या कोपऱ्यात अंग चोरून विणत बसलेला इलारियो दिसला, तेव्हा साबिना उंबऱ्यातच थबकली. पाऊस तिच्या टोपीच्या काठावरून नाकावर टपटपत होता.

"कोण... तू?" तो दचकला आणि हातातलं विणकाम अंगावरच्या लोकरी पोंचोखाली सारलं.

"मीच. आणि तू काय पोटाशी अंडी घेऊन बसलायस का कोंबडीसारखा?"

"पाऊस आला म्हणून बसलो."

"पाऊस सकाळपासून आहे, इलारियो."

त्यानं पोंचो आणखी ओढून घेतला. तसा तो बोलायचा कमीच. लहानपणी दोघं याच बांधांवरून मेंढ्या हाकायची. मग तो कामासाठी आरेकिपा शहरात गेला, गेल्या बटाट्याच्या हंगामात परतला तो आणखीच मुका होऊन. वाटेत भेटला की मान लववायचा आणि पुढं जायचा. साबिनाला त्याचा थोडा रागच होता... का, ते विचारू नका. तिलाही ठाऊक नव्हतं.

ती आली होती आईच्या हुकमावरून. "उद्या मोठा दिवस, वर जाऊन धरणीमातेला कोकाची तीन पानं ठेवून ये," आई म्हणाली होती. "पाऊस आहे," म्हटल्यावर म्हणाली, "मग तुला काय मिठाची केली आहे?" निघाली बिचारी. तळ्याचा पत्ता नाही, पलीकडचे डोंगर ढगात, जुन्या पायऱ्यांवरून पाण्याचे ओहोळ, आणि चढता चढता मनात एकच विचार... उद्या.

उद्या रविवारी देल्फिन टोपी घेऊन येणार होता. आमच्यात मुलगी मागायची तर होणाऱ्या सासऱ्यासाठी स्वतःच्या हातानं टोपी विणायची. सासरा तीत पाणी ओतणार. पाणी राहिलं तर मुलगी मिळाली. गळलं तर घरी जा, सुया घे आणि पुन्हा बस.

देल्फिनला नाव ठेवायला जागा नव्हती. स्वतःची मोटरबोट, हसरा चेहरा, बाबांचा लाडका. साबिनाला तो आवडत होता का? नावडत नव्हता, एवढं खरं. आईनं विचारलं तेव्हा तिनं खांदे उडवले होते. म्हणाली होती, टोपी ठरवील काय ते. बाईमाणसानं स्वतःच्या जन्माचा निर्णय टोपीवर सोपवावा, आता काय म्हणायचं!

पानं ठेवून झाली तरी पाऊस थांबेना. साबिना कोपऱ्यात, इलारियोपासून हातभर अंतर ठेवून बसली.

"दाखव ना."

"काय?"

"अंडी."

त्याला हसू आलं. पण पोंचो काही हलला नाही.

"कुणासाठी विणतोयस? कुणाची तरी पोरगी मागायचा विचार दिसतोय!" ती सहज बोलली, आणि बोलता बोलता तिच्या छातीत उगाच काहीतरी टोचलं. "सांग की. मी कुणाला नाही सांगत."

"माझ्यासाठी नाही..." तो घोटाळला.

तेवढ्यात लोकरीचा गुंडा त्याच्या मांडीवरून घरंगळला आणि तिच्या पायाशी येऊन थांबला. साबिनानं तो उचलला. उचलला, आणि तिचा चेहरा उतरला.

आपल्या हातचं सूत बाई अंधारातही ओळखते. हा लाल रंग तिनंच निवडुंगावरचे किडे वाटून काढला होता. तिचं मन त्यात नव्हतं म्हणून लोकर भांड्यातून लवकर उपसली, रंग नीट मुरलाच नाही. त्यावरून आईनं दिवसभर तोंड वाजवलं होतं. तेच गुंडे बाबांनी देल्फिनच्या हाती दिले होते, टोपीसाठी.

"ही माझ्या बाबांची टोपी आहे," ती हळूच म्हणाली.

इलारियोनं मान खाली घातली.

"देल्फिनला विणता येत नाही?"

"येतं... पण त्याचं विणकाम म्हणजे मासे धरायचं जाळं. सगळं पाणी आरपार." मग तो एकदम बोलू लागला. "मी आरेकिपात असताना माझी आई आजारी पडली, तेव्हा त्यानं भर वादळात बोट काढून तिला तळ्यापलीकडच्या पुनोच्या दवाखान्यात नेलं. नाहीतर मला आई उरली नसती. त्यानं एकच गोष्ट मागितली, साबिना. नाही कसं म्हणू?"

"आणि मी? मला कुणी विचारायचं नाही?"

"तू हो म्हणालीस असं तो सांगत होता."

"मी खांदे उडवले होते!" ती उसळून म्हणाली. "खांदे उडवणं म्हणजे हो असतं का रे?"

पाऊस वाढला. तिनं फटकन त्याच्या पोंचोखालून टोपी ओढून घेतली. शेंड्याचा टाकाही झाला होता, फक्त दोरा तोडायचा बाकी. वीण इतकी घट्ट की नखसुद्धा आत शिरू नये. ती उठली, उघड्या बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात तिनं टोपी उलटी टेकवली. वरच्या दगडावरून पाण्याची धार तीत पडू लागली.

"काय करतेयस?"

"बाबा उद्या करणार ते आज करते. गळली तर सुटले मी."

दोघं भिजत उभी राहिली. टोपी भरत गेली. साबिना खाली वाकून बघत होती, एक थेंब, एकच थेंब पडू दे... कोनाड्याचा दगड खाली कोरडा तो कोरडाच.

"नाही गळायची," इलारियो म्हणाला. "मी पण वाट बघितली. दर टाक्याला मनात म्हणायचो, सैल पड. पण हात ऐकत नव्हते."

"तू का म्हणायचास?"

ती त्याच्याकडे वळली. पावसाचं पाणी त्याच्या पापण्यांवर थांबलं होतं आणि तो डोळे मिटत नव्हता.

"इलारियो, का म्हणायचास सैल पड?"

"कारण... तुझ्या लग्नाची टोपी मला विणायची होती. माझी म्हणून." आणि घाईघाईनं, "बोललो ते विसर. देल्फिनचं मीठ खाल्लंय मी."

विसर म्हणे! एवढं बोलायला या माणसाला इतके महिने लागले आणि वर विसर म्हणतो. साबिनाला रडावं की त्याला ढकलून द्यावं कळेना. तिनं टोपी उचलली, काठाला ओठ लावून घोटभर पाणी प्यायली. पाणी जरासं गुलाबी होतं, आणि बर्फासारखं गार.

"एक टाका सोडव," ती म्हणाली. "फक्त एक."

"माझ्या हातून गळकी टोपी नाही निघायची. आणि त्याला सगळ्यांपुढं खाली बघायला लावणं... ते नाही जमणार मला."

रागावली ती. पण त्या रागातही तिला वाटलं, असाच आहे हा, म्हणून तर...

खाली उतरताना पायऱ्या शेवाळल्या होत्या. एकदा तिचा पाय सटकला. त्यानं हात दिला आणि पुढच्या सपाटीपर्यंत तो सोडायचा दोघंही विसरली. दगडी कमानीशी वाट फुटत होती. तिथं तो पोंचो सारखा करायला वाकला तेव्हा तिला दिसलं: मानेवर, केसांच्या खाली, लालभडक रेघ. विणताना लोकर मानेभोवतून घेतात ना, ओल्या लोकरीचा कच्चा रंग तिथंच उतरला होता.

"मान धुऊन ये उद्या," ती म्हणाली. "बाबांची नजर घारीची आहे."

त्यानं मानेला हात लावला, बोटं बघितली.

"धुवायलाच हवी का?"

साबिनानं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"तुझी मान... तू बघ."

रविवारी पाऊस उघडला. अंगणात शेजारीपाजारी जमले. देल्फिन पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात, बोलका, गोड, आणि त्याचा मित्र म्हणून मागं कोकाचं गाठोडं घेऊन इलारियो. त्याची कॉलर वर ओढलेली होती. साबिनाचा जीव टांगणीला लागला. धुतली असेल. धुणारच. देल्फिनला दिलेल्या शब्दाचा पक्का ना तो!

बाबांनी, म्हणजे ग्रेगोरियो म्हाताऱ्यानं, टोपी हातात घेतली, उलटसुलट केली. "माझी दोनदा गळली होती," तो म्हणाला. सगळे हसले. मग त्यानं मडक्यातून पाणी ओतलं. अंगण चिडीचूप. म्हाताऱ्यानं टोपीखाली तळहात धरला, वाट बघितली, तळहात सगळ्यांना दाखवला. कोरडा.

"वा रे पठ्ठ्या!" कुणीतरी ओरडलं. देल्फिननं हात उंचावले.

"बोल पोरी," बाबा म्हणाले. "काय सांगू याला?"

तेवढ्यात इलारियो गाठोडं खाली ठेवायला वाकला. आणि वाकता वाकता, सगळ्यांदेखत, त्यानं कॉलर खाली मुडपली.

लाल रेघ जशीच्या तशी होती.

साबिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता खांदे उडवून भागणार नव्हतं. तिनं श्वास घेतला.

"बाबा, टोपी चांगली आहे. पण देल्फिननं ती विणलेली नाही. मला द्यायचीच असेल तर ज्यानं ती विणली त्याला द्या. माझं हो आहे. मोठ्यानं सांगते, हो."

आईचा हात तोंडावर गेला. म्हाताऱ्यानं लेकीकडं बघितलं, तिच्या नजरेच्या रोखानं इलारियोकडं बघितलं. भरली टोपी सांभाळत तो चालत त्याच्यापर्यंत गेला.

"मान खाली घाल."

इलारियोनं घातली. म्हाताऱ्यानं टोपीतलं सगळं पाणी त्या मानेवर ओतलं. इलारियोच्याही पांढऱ्या सदऱ्यावरून लाल ओघळ थेट कमरेपर्यंत उतरले, टोपीच्या लोकरीचाच रंग.

देल्फिनचा चेहरा पडला. लोक कुजबुजू लागले.

"सकाळी मानेचं विचारलं तर पुरळ आलंय म्हणालास," तो इलारियोला म्हणाला.

"तुझे उपकार आहेत. म्हणून मी तोंड उघडलं नाही."

"तोंड नाही उघडलंस, मान उघडी ठेवलीस!" देल्फिन म्हाताऱ्याकडं वळला. त्याला लागलं होतं, ते दिसत होतं. "वादळात बोट घालतो मी, घाम फुटत नाही. सुया बघितल्या की फुटतो. चूक माझीच आहे, काका. पण साबिना, आधी सांगायचंस ना गं..."

"मलाच कालपर्यंत माहीत नव्हतं," ती म्हणाली. खरंच होतं ते.

ग्रेगोरियो म्हाताऱ्यानं टोपी पिळली आणि ओलीच्या ओली डोक्यावर चढवली. दोन्ही कानांवरून गुलाबी पाणी ओघळलं.

"गार आहे," तो म्हणाला. "पण मापाची आहे."

अंगणात एकच गलका उठला. साबिना पुढं झाली, शालीच्या टोकानं इलारियोची मान पुसू लागली, सगळ्यांदेखत, लाज सोडून. घासून घासून पुसली, तरी रंग काही जाईना. आणि जाऊ नये, असंच तिला वाटत होतं.