थुंकून टाकायची वाइन

वाइन चाखणाऱ्यांचा एक नियम असतो. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा, गिळायचा नाही. अबोलीनं बारा वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलासाठी वाइन निवडायचं तिचं काम, आणि नाक असं, की भल्याभल्यांनी हात टेकावेत.

कामठीच्या पुढं, टेकडीच्या उतारावर नत्थूजींचा चाळीस वर्षांचा द्राक्षमळा. म्हातारा महाहट्टी! साखर नाही, औषध नाही, आंबवायला बाहेरचं यीस्ट नाही. पांढऱ्या द्राक्षांचा रस लाकडी पिंपात दोन वर्षं त्याच्या मर्जीनं मुरू द्यायचा. बाहेर ऊन रणरणत होतं, तळघरात मात्र माठाजवळ असतो तसा गारवा होता.

"लाकूड वाइन पितं, पिंप रितं होत जातं. दर आठवड्याला भर घालता ना?" अबोलीनं विचारलं.

"कधीच नाही. याले लागतच नाही." नत्थूजींनी पिंपात बांबूची काठी बुडवून दाखवली. वर चार बोटं रिकामं होतं. मग काचेच्या नळीनं त्यांनी पेला भरला आणि बादली तिच्या पायाशी सरकवली. "थुंकजा मात्र, बाई. आठवणीनं."

"मला शिकवता काय!" ती हसली.

आणि काय सांगावं! रंग पातळ तुपाचा. आधी पिकल्या पेरूचा वास, मग मधाचा, मग भाजल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा. आंबटपणा कसा, अगदी बेताचा. अशी वाइन तिनं जन्मात चाखली नव्हती. म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

मग तळातून आणखी एक वास वर आला. कापूर, खोबरेल, घामेजलेली मान. आई.

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिची एक साडी अबोलीनं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली होती. वास उडू नये म्हणून पिशवी वर्षातून एकदाच, आईच्या तिथीला सोडायची. आई म्हणून तिच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं.

अबोलीनं घोट गिळला.

"थुंकली ना?" नत्थूजींनी विचारलं.

"हो."

"बरं झालं. माही घरवाली रुखमा गेली त्या साली मी गिळली होती." त्यांनी पिंपाचं बूच घट्ट बसवलं.

परतताना गाडीत तिला ते वाक्य छळत राहिलं. तिथीला चार महिने होते, तरी घरी येताच तिनं पिशवी सोडली आणि साडी तोंडावर धरली.

शेजारच्या फोडणीचा वास आला. केसांतल्या धुळीचा आला. साडीला नुसता सुताचा होता.

कापूर, खोबरेल, मान. शब्द आठवत होते. वास आठवेना.

फोन वाजला. नत्थूजी होते.

"बाई, खरं सांगा. गिळली ना तुमी?"

तिनं साडी पुन्हा नाकाशी नेली.

"मी आत्ताच काठी टाकून पाह्यली," ते हळूच म्हणाले. "मघा चार होतं. आता तीनच बोटं रिकामं आहे."