आपापली चादर

लाँड्रीबाईंच्या नाकाला सगळं इस्पितळ वचकून असे. धुलाईघरात सव्वीस वर्षं मुकादमी केलेली बाई. चादरीचा मधला भाग त्या बघतच नसत. तो काय, कोणीही पांढरा करतं. त्या कडेची शिवण उलटी करून नाकाला लावत. धुणाऱ्याने अंगचोरपणा केला असला, की शिवणीत वास राहतो. मग त्या माणसाची काही धडगत नसे.

अशा या बाई परक्या मुलखात चार दिवसांच्या आगगाडीत बसल्या, त्या केवळ सिस्टरसाठी. सिस्टर म्हणजे त्याच इस्पितळातल्या बाळंतिणींच्या वॉर्डातली नर्स, बाईंची पंचवीस वर्षांची जिवाभावाची मैत्रीण. तिची लेक लग्न होऊन त्या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होती. दिवस भरत आले होते, आणि आईनेच यावं म्हणून ती हटून बसली होती. सिस्टरने आजवर हजारभर बाळं झेलली असतील, पण परदेशात एकटीने प्रवास म्हटलं की तिचे हातपाय गळत. त्या गावाला रेल्वेशिवाय दुसरं काही जातही नव्हतं. शेवटी बाईंनीच लेकीला फोनवर शब्द दिला, "तुझ्या आईला आणून तुझ्यासमोर उभी करते. तू निर्धास्त राहा."

गाडीतली खोली दोघींपुरतीच होती. हिरव्या रेक्झिनचे दोन बाक, न उघडणारी खिडकी आणि भिंतीतून गेलेला गरम पाण्याचा नळ. करडा एप्रन घातलेली, जाडजूड, उतारवयाची एक बाई डब्याची देखभाल करत होती. तिने दोघींना एकेक सीलबंद पाकीट दिलं. आत पांढरी चादर होती.

लाँड्रीबाईंनी पाकीट फोडलं, शिवण नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. चादर इस्त्रीची, डाग म्हणाल तर औषधालाही नाही. पण शिवणीला वास होता. खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा, आंबूस आणि तेलकट. शिवाय चादर कोमट लागत होती. चादरींचं कपाट नळाला लागून असेल, असं म्हणत त्यांनी ती कोपऱ्यात टाकली आणि घरून आणलेली स्वतःची चादर अंथरली. सिस्टर हसली. म्हणाली, नाक तेवढं इस्पितळात जमा करून यायला हवं होतंस. आणि तिने मिळालेल्या चादरीवर खुशाल ताणून दिली.

सकाळी सिस्टर तोंड धुवायला गेली तेव्हा बाईंना तिच्या चादरीवर डाग दिसला. पिवळट, मेणचट. पाठ, ढुंगण, दोन टाचा, सगळं जसंच्या तसं उमटलेलं. "शी," बाई म्हणाल्या, आणि डोक्याने काही ठरवायच्या आधी हातांनी सवयीचं काम केलं. चादर ओढली, चारी टोकं एका गाठीत बांधली, गाठोडं उचललं आणि डब्याच्या टोकाला नेऊन दिलं.

एप्रनवाली ते घेईना. भाषा कळत नव्हती, तिने खुणा केल्या. ज्याची चादर त्याने तिच्यावरच झोपायचं, शेवटपर्यंत. उतरताना घडी घालून घरी न्यायची. बाईंनी आजूबाजूच्या उघड्या दारांतून पाहिलं. खरोखरच, चांगली शिकलीसवरलेली माणसं मळक्या, पिवळ्या पडलेल्या चादरींवर बसून पुस्तकं वाचत होती. घाणीत लोळायची रीत त्यांना लखलाभ, आपल्या मैत्रिणीला नको. त्यांनी गाठोडं एप्रनवालीच्या हातात कोंबलं आणि कपाटातून नवं पाकीट स्वतःच काढून घेतलं.

दुसऱ्या सकाळी डागात बोटं वेगवेगळी दिसत होती, आणि एक कान. थर इतका जाड होता की नखाने खरवडला तर वळी निघाली. सिस्टर मात्र टवटवीत. गुडघा दुखत नाही म्हणाली, भूक नाही म्हणाली. तिच्या मनगटावर उकळत्या पाण्याने भाजल्याचा जुना व्रण होता, तो बाईंना दिसेना. हवा मानवली असेल, असं म्हणत त्यांनी तीही चादर बदलली.

तिसऱ्या दिवशी चेहरा होता.

मिटलेले डोळे, ओठ, कपाळावरच्या आठ्या. मनगटाच्या जागी भाजल्याचा व्रण. बाई बेसिनपाशी जाऊन भडाभडा ओकल्या. परत आल्या आणि, देवा, त्याच हातांनी पुन्हा तेच केलं. गाठ मारली, गाठोडं देऊन आल्या.

दुपारी सिस्टर खिडकीशी बसली होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला. पाण्यात विसरलेल्या साबणासारखा तो हात गार, बुळबुळीत लागला. तळव्यावर एकही रेषा नव्हती. बाईंना तो सोडावासा वाटला आणि त्याची लाजही वाटली.

सिस्टर गोड हसली. "आपण कोणाकडे चाललोय गं?"

बाई उठल्या त्या थेट एप्रनवालीकडे. बोलायची गरज पडली नाही. तिने कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तिन्ही गाठोडी तिथेच होती, बाईंनी मारलेल्या गाठींसकट. एप्रनवालीने खुणेने सांगितलं. उघड. अंथर. तिला त्यांच्यावर निजव.

बाईंनी हात पुढे केला.

गाठोडं गरम होतं. ओलसर. कापड हळूच वर येत होतं, खाली जात होतं.

आणि आत कोणीतरी झोपेत दात खात होतं.

बाईंनी उभ्या जन्मात काय काय उचललं होतं. पू, रक्त, बाळंतिणींची वार, मेलेल्यांच्या खालची अंथरुणं. तेही हातमोजे नसताना. पण हे नाही. हे काही केल्या उचलवेना. किळस अशी आली की हात आपोआप मागे आला.

त्यांनी बोटं लुगड्याला पुसली. पुन्हा पुसली.

एप्रनवालीने कप्पा लावून घेतला.

सकाळी धीर करू, उजेडी नक्की करू, असं बाईंनी स्वतःला बजावलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सिस्टरला नवी चादर दिली नाही. सिस्टरने मागितलीही नाही, उघड्या रेक्झिनवर पडून राहिली. सकाळी कप्पा रिकामा होता. मळके कपडे वाटेतल्या कुठल्याशा स्टेशनावर उतरवले होते. कुठल्या, ते एप्रनवालीने सांगितलं नाही, किंवा बाईंना कळलं नाही.

शेवटचं स्टेशन दहाच्या सुमारास आलं. लोक बगलेत आपापल्या घड्या घेऊन उतरले. सिस्टर रिकाम्या हातांनी उतरली. पोटाचा भार सावरत लेक फलाटावरून लगबगीने आली आणि आईच्या गळ्यात पडली. "किती तरुण दिसतेस गं आई!" म्हणाली, रडली, हसली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "मावशी, तुम्ही शब्द पाळलात."

लेक बोलता बोलता ओढणीने गाल पुसत होती, आईचा गाल लागला होता तो. कोरडा झाला तरी पुसतच होती. आपण पुसतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

सिस्टरने हात उचलला आणि सराईतपणे लेकीच्या पोटावर ठेवला.

"बघा ना मावशी," लेक कौतुकाने म्हणाली, "पहाटेपासून नुसत्या लाथा मारत होतं. आजीचा हात लागला आणि कसं गप्प झालं."