जुन्या बाजारातला कोट

"आज एक शब्दही बोलायचा नाही तू," लेकीनं दारातूनच, पायातले बूटही न काढता सांगून टाकलं. "रंग मी निवडणार, कापड मी बघणार, आणि किंमत तर तू विचारायचीच नाही. तुमच्या दोघांच्या कपड्यांसाठी मी पैसे बाजूला काढून ठेवलेत. त्यातलं काही वाचवून दाखवायचं नाही मला. कळलं?"

नवी शेगडीपाशी उभी होती. तिनं ओले हात पदराआड केल्यासारखे मागे घेतले आणि नुसती मान हलवली. बोलू नको म्हटल्यावर न बोलणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. आतल्या खोलीत तिचा नवरा आरशासमोर भांग पाडत होता. त्यानं लेकीचे शब्द ऐकले, आणि नेहमीप्रमाणे ऐकले नाहीत...

या घरातली पहिली बायको गेली, आणि वर्ष सरायच्या आत ही आली. शेजारपाजारचे म्हणाले 'नवी', पहिलीची बहीण नाक मुरडून म्हणाली 'नवी', आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी ती नवीच राहिली! आणि अंगावर मात्र तिच्या कधी नवं म्हणून काही चढलं नाही. नवरा बस डेपोत कारकून. पगार बेताचा. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर अंथरूणच रुमालाएवढं. मग नवीनं जुन्या बाजाराची वाट धरली. स्टेशनामागच्या मैदानात वापरलेल्या कपड्यांचे ढीग लागायचे, त्या ढिगांत ती कोपरापर्यंत हात घालायची. कपडा आधी उलटा करायचा, काखेतली शिवण बघायची, मग उजेडाकडे धरून विरला आहे का ते पाहायचं, सगळ्यात शेवटी वास घ्यायचा. घरी आणून उकळत्या पाण्यात बुडवायचा, बटणं बदलायची, भोक असलंच तर त्यावर धाग्याचं एक फूल काढायचं. स्वतःसाठी तर ती मापही बघत नसे. एकदा पायापेक्षा मोठे बूट मिळाले, ते तिनं बोटांपाशी कापूस कोंबून कित्येक हिवाळे ओढले. "कानामागून आली आणि चिंध्यांची राणी झाली," असं पहिलीची बहीण हसून म्हणायची, आणि ते पोरीच्या कानावर पडेल अशा बेतानंच म्हणायची.

पोर तेव्हा शाळेत जात होती. आधीआधी ती नवीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. पण माया पाण्यासारखी असते. बंद दाराखालूनही आत शिरते. तापात उशाशी बसून काढलेले दिवस, वेणी घालताना सांगितलेल्या गोष्टी, भिंतीला टेकून पाठ करून घेतलेले पाढे... हळूहळू पोर निवळली. आणि एका वर्षी पानगळीच्या दिवसांत, बोट कापलं तेव्हा घाबरून ती पहिल्यांदा "आई" असं ओरडत नवीकडे धावत आली. नवीनं ते बोट धुतलं, चिंधी बांधली, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पोटभर रडून घेतलं. काही आठवडे ती हाक घरात होती. काही आठवडेच!

मग तो लाल कोट आला. खरं तर तो कधी आलाच नाही.

मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाच्या काचेत तो टांगलेला होता. लाल, मखमली कॉलरचा. पोर रोज शाळेतून येताना काचेला नाक लावून उभी राहायची. बाप म्हणाला, "बोनस मिळू दे, हाच कोट आणतो तुला." बोनस मिळाला. त्या संध्याकाळी पोर खिडकीत बसून राहिली आणि तिथंच पेंगून झोपी गेली. बाप आला तो रिकाम्या हातानं. डेपोच्या मागच्या खोलीत पत्ते चालत. तिथं तो 'जरा वेळ' बसला होता, आणि उठला तेव्हा खिशात रुमालाशिवाय काही उरलं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो हुंदके देत राहिला. "तिला कुठल्या तोंडानं सांगू गं? तिची आई गेली, आता जगात तिला मी एकटा... माझ्यावरचा विश्वास उडाला तर ती पोर कुणाच्या आधारानं वाढेल?"

'मी एकटा' हे शब्द नवीच्या काळजात रुतले, पण ते उपटून काढायला तेव्हा वेळ नव्हता. लोकांचे कपडे शिवून तिनं डब्यात थोडं साठवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन ती जुन्या बाजारात गेली आणि ढीगच्या ढीग उपसून एक गर्द हिरवा कोट शोधून काढला. कापड अस्सल, फारसा न वापरलेला. तिनं त्याची बटणं बदलली, कॉलर उलटवून शिवली, कडक इस्त्री केली. आणि पोरीच्या हातात देताना, नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा लालच आणणार होते. मीच पैसे मागून घेतले. नुसती मखमल होती त्याला, आत काही नाही. हा टिकेल."

 पोर कोट घालून शाळेत गेली. दुपारी परत आली ती कोटाशिवाय. थंडीनं ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. वर्गातल्या डॉक्टरांच्या मुलीनं कोट ओळखला होता; सगळ्यांसमोर अस्तर उलटून शाईचा डाग दाखवला होता, "हा माझा आहे, आम्ही टाकून दिलेला." वर्ग हसला. पोरीनं कोट तिथंच बाकावर सोडला आणि ती तशीच गारठत घरी चालत आली.

त्यानंतर आलेला ताप बरेच दिवस हटला नाही. एकदा ग्लानीतून जागी होऊन तिनं उशाशी बसलेल्या बापाचा हात धरला. "बाबा, तुम्ही लाल कोट आणणार होतात ना?"

नवी काढा घेऊन दारात उभी होती.  आता बोलेल, आता तरी बोलेल...

"हो बाळा," बाप म्हणाला. "आणणार होतो."

तेवढंच. पुढे तो मूग गिळून बसला. त्यानंतर त्यानं पत्त्यांना हात लावला नाही, हे खरं. जन्मभर पोरीला जपलं, हेही खरं. पण त्या वाक्यापुढचं वाक्य त्यानं कधीच उच्चारलं नाही. आणि पोरीनं 'आई' ही हाक जी गिळली ती गिळलीच. पुन्हा 'नवी'. फक्त आता त्या शब्दाला धार होती.

आज ती पोर शिकून-सवरून विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती. आठवड्यावर लग्न आलं होतं. थाटमाट नव्हता, कचेरीत सह्या करायच्या आणि दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र जेवायचं. गेल्या थंडीत बापाच्या हृदयानं दगा दिला तेव्हा लेकीनं रजा घेऊन दिवसरात्र त्याची सेवा केली होती. "बाबा, माझ्या लग्नात तुम्ही ताठ चालत आलं पाहिजे," असं ती त्याला सारखं बजावायची. आणि म्हणूनच आजची ही खरेदी होती.

दुकान तीन मजल्यांचं होतं. गुळगुळीत फरशी, भिंतभर आरसे. बापाला बुटांच्या विभागात स्टुलावर बसवून लेकीनं नवीला कोटांकडे नेलं आणि एक करड्या लोकरीचा कोट तिच्या खांद्यांवर ठेवला. काय ऊब होती त्याला! नवीनं सवयीनं बाही उलटी केली. शिवण बघितली. आणि मग, डोळ्यांना आवरता आवरता, किमतीची चिठ्ठीही बघितली.

तिनं कोट काढून हळूच परत अडकवला. कोपऱ्यात हिवाळा संपत आल्यामुळे किंमत उतरवलेल्या मालाचा एक मोठा टोपला होता. तिची पावलं कधी तिकडे वळली, तिचं तिलाच कळलं नाही. ढिगात कोपरापर्यंत हात गेला, एक तपकिरी कोट वर आला, आणि तिनं तो उजेडाकडे धरला.

"इथंसुद्धा?"

लेक मागे उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की शेजारी हँगर लावणारी विक्रेतीही थबकली.

"मी पैसे देत असताना इथंसुद्धा तुला ढिगातलंच हवं! माझ्या लग्नात, त्या लोकांसमोर..." तिनं तो तपकिरी कोट ओढून टोपल्यात टाकला. "ओठ चावत मी चालत आले तो रस्ता मला अजून आठवतो. अजून कुणी माझ्या कपड्यांकडे बघून हसलं की वाटतं, कोट ओळखला. आज मला एकदाच उत्तर दे. लग्न करून जायच्या आधी मला हे मनातून काढून टाकायचंय. बाबांनी माझ्या कोटाचे पैसे तुझ्या हातात दिले होते. ते कुठे गेले?"

थोड्याच अंतरावर स्टुलावर बसलेल्या बापाच्या एका पायात नवा बूट होता, दुसरा पाय नुसत्या मोज्यात. नाडीवरची बोटं तशीच थांबली होती.

नवीनं त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभराचं जे काही साचलं होतं ते त्या एका नजरेत होतं. 'बोला. आता तरी बोला. एकच वाक्य...' त्यानं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत भीती होती, लहान मुलाच्या डोळ्यांत असते तशी उघडीवाघडी भीती. आणि मग ते डोळे बुटाच्या नाडीकडे वळले.

सांगावं? एका वाक्याचं काम होतं. न्याय मिळाला असता. पण मग ही पोर लग्नाच्या दिवशी कुणाच्या बाजूनं उभी राहिली असती? ज्या बापाच्या आधारावर तिनं आपलं सगळं जग उभं केलं, तो आधार आठवड्यावर लग्न असताना काढून घ्यायचा? आणि त्या माणसाचं आधीच ठिगळ लावलेलं काळीज... ते तरी टिकलं असतं का?

"मी ठेवून घेतले," नवी म्हणाली.

लेक बघत राहिली.

"या घरात माझं असं काहीच नव्हतं गं. कुणाच्या भांड्यात जेवायचं, कुणाच्या कपाटात कपडे ठेवायचे. वाटलं, आपल्या गाठीला काही असावं. उद्या बाहेर काढलं तर..."  एवढं मात्र खोटं नव्हतं. "तुझ्या वाट्याचा आनंद मी काढून घेतला. चुकलं माझं, पोरी."

 इतकी वर्षं जी गाठ तिनं दातांनी घट्ट धरली होती, ती सुटली आणि ती भर दुकानात हमसून रडू लागली. "एवढंच ऐकायचं होतं मला. तू कधीच कबूल केलं नाहीस. एकदा जरी म्हणाली असतीस, तर मी तेव्हाच..." तिनं नवीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "तुला इतकी भीती वाटत होती, हे मला कसं कळणार? मी माफ केलं तुला. खरंच केलं... आई."

आई! ज्या शब्दासाठी कान आतुरले होते तो शब्द अखेर आला, आणि आला तो 'माफ केलं'च्या पाठीवर बसून. नवीनं पोरीचे केस कुरवाळले. सुख झालं की काळजाची चिरफाड झाली, हे तिला सांगता आलं नसतं. दोन्ही एकाच जागी झालं होतं. विक्रेती डोळे पुसत दुसरीकडे वळली.

करडा कोट घेतला गेला. लेकीनं हट्टानं तो तिथंच अंगात घालायला लावला, वर एक पर्सही घेतली, आणि आरशासमोर उभं करून म्हणाली, "बघ, कशी दिसतेस!" नवीनं बघितलं. आरशातली बाई छान दिसत होती. फक्त ती कबुली दिलेली बाई होती, आणि यापुढे तिला तीच बाई म्हणून राहायचं होतं.

बाहेर पडल्यावर लेक पलीकडच्या थांब्यावर गेली. तिला होणाऱ्या नवऱ्याकडे जायचं होतं. ही दोघं घराच्या दिशेनं चालू लागली. नवरा नव्या बुटांची पिशवी छातीशी धरून चालत होता. 

"मी सांगणारच होतो," शेवटी तो म्हणाला. "तूच मध्ये बोललीस."

नवी थांबली. कधी नव्हे ते तिनं त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"अजून बस आलेली नाही," ती म्हणाली. "ती बघा, उभी आहे. जा, सांगा."

तो वळला. रस्त्यापलीकडे लेक उभी होती, रडून हलकी झालेली, लाल नाकाची, लहान मुलीसारखी हसरी. बापाला वळलेलं पाहून तिनं हात उंच केला आणि जोरजोरात हलवला.

बापाचा पाय फूटपाथवरून खाली उतरला. क्षणभर नवीला वाटलं, हा जाणार! आणि तिच्या लक्षात आलं की तो जाऊ नये म्हणून तिचा हात आपोआप पुढे झाला होता. धरायची गरज पडली नाही. त्यानंही हात उंच केला, आणि हलवला. मग बस आली आणि मध्ये उभी राहिली, आणि ती गेली तेव्हा थांबा रिकामा होता.

तो तिथंच उभा राहून रडू लागला. येणारे-जाणारे वळून बघत होते. "तू मला कधी माफ करशील का गं?" त्यानं विचारलं.

 आज 'माफ' या शब्दाचा नवीला इतका वीट आला होता की तो तोंडातही घ्यावासा वाटेना. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हातानं त्याचा दंड धरून त्याला फूटपाथवर वर घेतलं.

"चला," ती म्हणाली. "तुमची गोळी घ्यायची वेळ झाली."