चिखलात रुतणारं पाऊल

हर्षा बिसेन कुडव्याच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात शिरली ती भांडायच्या तयारीनेच. आमगावला तिच्या बाबांची, शालीकरामजींची, राइस मिल होती, आणि धानाचा ओलावा मोजायचं मशीन याच दुकानातून दोनदा दुरुस्त होऊन दोनदा बिघडलं होतं. पण काउंटरमागे आज नेहमीचे काका नव्हते. एक उंच, दाढी वाढलेला तरुण तिचं मशीन कानाशी धरून हलवत होता.

"मोबाइल नाही तो! कानाले लावून कायले पाहून राहिले?"

"आत काय सुटलं ते ऐकून राहिलो," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं भांडून झालं असेल तं सांगा, मग उघडतो."

हर्षाला हसू आलं आणि तिथेच सगळं फसलं. हसल्यावर कसलं भांडण!

तो काकांचा पुतण्या, ओमेश. त्याने मशीन असं नीट केलं की पुन्हा बिघडायचं नावच नाही. तरीही पुढचे दोन महिने मिलमधलं काही ना काही बिघडतच राहिलं... कधी वजनकाट्याचा डिस्प्ले, कधी कॅमेरा, आणि एकदा तर चक्क टीव्हीचा रिमोट. आमगावाहून इतक्या लांब, रिमोट घेऊन!

"सेल संपले होते," ओमेशने सांगितलं.

"अस्सं?" हर्षाने डोळे मोठ्ठे केले.

त्या दिवशी बाहेर पावसाने जोर धरला होता, म्हणून चहा झाला. वरच्या फळीवर धूळ खात एक काळा डबा पडला होता, टीव्हीला जोडून गेम खेळायचा.

"हा विकायचा आहे?"

"नाही. याच्यासाठीच गेम बनवत होतो, हैदराबादले. ज्या कंपनीचा डबा, तिचाच स्टुडिओ."

"मग सोडलं काऊन?"

"आम्ही नाही सोडलं. कंपनीनंच स्टुडिओ बंद केला. गेमचं चौथं वर्ष चालू होतं."

"अन् त्यात तुमचं काम काय होतं?"

"चिखल," ओमेश म्हणाला. ती हसली, तसा तोही हसला. "खरंच. चिखलात पाय कसा रुतते, काढताना आवाज कसा येते, खड्ड्यात पाणी कसं भरते. दीड वर्ष तेच केलं. बाकीच्यांनी चिखल फोटोतच पाहिला होता."

"पण स्वतःचाच स्टुडिओ कोणी बंद करते का?"

त्याने चहाचा ग्लास फिरवला. "कंपनीले खरी कमाई दुसऱ्यांच्या गेममधून असते. तिच्या डब्यावर कोणीही गेम विको, वाटा तिचा पक्का. दुसऱ्याचा गेम पडला तं नुकसान त्याचं. स्वतःचा स्टुडिओ ठेवते तो नावासाठी, लोकांनी तिचाच डबा घ्यावा म्हणून. पण स्वतःच्या गेमले शंभर माणसं लागतात, चार-पाच वर्षं लागतात, अन् पडला तं सगळं तिच्याच अंगावर. मग वरचा साहेब बदलते, त्याले घाई असते... अन् पहिली कुऱ्हाड घरच्यावरच पडते. गेम वाईट असते म्हणून नाही. चांगलं व्हायले वेळ लागते म्हणून."

हर्षाला चहा एकदम कडू लागला.

कारण तिच्या मिलमध्ये हेच चाललं होतं. दुसऱ्यांचा धान भरडून देण्यावर मिल चालायची. पण हर्षाने पाच वर्षांपूर्वी हट्टाने बारा घरांना चिन्नोर हा सुवासिक धान पेरायला लावलं होतं, मिलच्या नावाने तांदूळ विकायला. चिन्नोर काढायचा म्हणजे दुसऱ्या धानाचा एक दाणाही आत राहता कामा नये. सगळी मशीन उघडून झाडायची, अर्धा दिवस मिल थांबायची, आणि दारात ट्रॅक्टरांची रांग लागायची. यंदा बाबा म्हणाले होते, "बस झालं, बेटा." आणि हर्षाला ते पटलं होतं. पटलं होतं याचीच आता तिला भीती वाटत होती. या माणसाला कळलं तर तो आपल्याला कोणत्या बाजूला बसवेल?

आठवडाभराने लपवणं तिलाच जमेना आणि चूक तिच्याच हातून झाली. तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचं आहे. भाषा बरी आहे का, पाहा ना."

'कळविण्यास खेद होतो की, यापुढे आमची मिल चिन्नोर धान घेणार नाही. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.'

ओमेशने दोनदा वाचलं. मोबाइल परत दिला.

"भाषा चांगली आहे. आम्हालेही हेच आलं होतं, इंग्रजीत." आणि आधीच घट्ट असलेला एक स्क्रू तो पुन्हा पिळू लागला.

"बंद करू नको म्हणता?"

"मिल तुमची. नसेल परवडत." तो वर न बघताच बोलला. "मले बंद केल्याचा राग नाही. आठ मिनिटांचा कॉल झाला अन् नवव्या मिनिटाले कम्प्युटर बंद. चार वर्षांत एकानंही येऊन पाहिलं नाही, चिखल कसा झाला ते."

हर्षा निरोप न घेताच निघाली. स्कुटी आमगावच्या रस्त्याला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण रडतोय. हा माणूस आपल्याला हवा आहे. आणि आत्ताच आपण त्याला गमावून बसलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा दारात उभी होती. "मेसेज टाकला नाही. बाराही घरी जाऊन तोंडानं सांगते. पण... मले एकटीले भेव लागते."

ओमेशने शटर खाली ओढलं आणि तिच्यामागे स्कुटीवर बसला.

अकरा घरं झाली. कुणी चिडलं, कुणी पाणी दिलं, एकाने तर पाणीही विचारलं नाही. बारावं घर सडक अर्जुनी गावाच्या पलीकडे, जंगलाला लागून, फागू आणि जमुना या नवरा-बायकोचं. दोघं पाणी भरलेल्या बांधीत धानाच्या रोपांची रोवणी करत होते. हर्षाला कडेच्या उंच, कोरड्या धुऱ्यावरून हाक मारता आली असती. तिने सलवार वर खोचली आणि चपलेसकट चिखलात उतरली.

"काकू, यंदाचा सगळा धान घेईन, शब्द आहे. पुढच्या वर्षीपासून नाही जमणार. तुमचं काही चुकलं नाही. तुमच्यासारखा चिन्नोर कोणाचाच नव्हता."

जमुना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फागू दूर बघत राहिला.

"बरं नाही केलं, पोरी," शेवटी जमुना म्हणाली. "पण आली, तोंडावर बोलली. मोबाइलवर सांगतलं असतं तं दारात उभी नसती केली. आमी तं पेरूनच राहू, घरी खायाले." मग तिने रोपांची जुडी हर्षाच्या हातात कोंबली. "उतरलीच आहेस, तं एवढी रोवून दे." आणि ती फागूबरोबर पलीकडच्या टोकाला गेली.

हर्षाने कशीबशी ती जुडी रोवली. परत वळली तर पाय निघेना. धुऱ्यावर ओमेश नुसता बघत उभा.

"काय पाहून राहिले? हात द्या!"

"थांब," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'थांबा' नाही. "आवाज येऊ दे."

तिने जोर लावला. पाय सुटला, चप्पल आतच राहिली आणि खड्ड्यात हळूहळू पाणी भरत गेलं. ओमेशचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"बरोबर केला होता मी, हर्षा. अस्साच."

तो बुटांसकट खाली उतरला. हर्षाने खाली बघत सांगून टाकलं, "मशीन तेवढं खरंच बिघडलं होतं. बाकी सगळं... मीच."

"माहीत आहे. रिमोटमध्ये सेल नव्हतेच. काढून घरी ठेवले होते ना?"

"मग बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं बिघडणं बंद झालं असतं." त्याने तिचा चिखलाने भरलेला हात धरला. "आता काही बिघडलं नाही तरी येत जा. नाहीतर मीच येतो, आमगावले. तुझ्या बाबाले भेटायले."

तिचा दुसरा पाय अजून चिखलातच होता. तिने तो काढायची घाई केली नाही.