मंडपमच्या पाण्यातला हात

आधीच सांगतो. पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचा आता कंटाळा आलाय. पोलिसांना पटवलं, नातेवाइकांना पटवलं, साहेबाला पटवलं. ऐंशीच्या घरात आलोय मी. खोटं सांगून मला काय मिळणार?

आणि भुतं रात्रीचीच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हेही सांगतो... यातलं काहीच रात्री घडलेलं नाही. सगळं उन्हात घडलं.

साल १९७६. महाशिवरात्र होऊन आठ-दहा दिवस झाले होते.

मी भीमाशंकर. तेव्हा होटगी जंक्शनला बुकिंग क्लार्क होतो. रेल्वेचा पास होता, म्हणून बायकोला, जगदेवीला, घेऊन रामेश्वरला निघालो. सोबत तिचा थोरला भाऊ सिद्धाप्पा. त्याला आम्ही दोघंही अण्णा म्हणायचो. होटगीत त्याचं भुसार मालाचं दुकान. माणूस रांगडा, हसरा. विहिरीत वीस फुटांवरून सूर मारणारा.

देवदर्शन हे त्यांचं निमित्त. माझं निमित्त वेगळं होतं.

आमच्या बुकिंग ऑफिसात एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर समुद्राच्या तळाचं रंगीत चित्र. लाल, जांभळी पोवळ्यांची झाडं आणि त्यातून फिरणारे पिवळे मासे. सहा वर्षं मी तिकिटं फाडता फाडता ते चित्र बघत होतो. रामेश्वरच्या अलीकडे मंडपमला बोटीने नेऊन हे दाखवतात, असं एका प्रवाशाने सांगितलं होतं.

बस्स. ते बघायचंच.

पण त्या दिवशी पहिल्यापासून सगळं बिनसलं. सातची बोट दहाला निघाली. गाईड होता मुनियांडी नावाचा. काळा, सडपातळ, हिंदी मोडकंतोडकं. बोटीत आम्ही तिघं, मद्रासचं एक जोडपं आणि कॉलेजातली दोन पोरं. पाण्यात बघायचा रबरी चष्मा आणि श्वास घ्यायची नळी मात्र एकच! दहा दहा मिनिटं पाळीपाळीने. जगदेवीला बोट लागली, ती ओकत होती. मी तिच्यावरच डाफरलो.

"तुला कुणी यायला सांगितलं होतं?"

तिने पदराने तोंड पुसलं.

माझी पाळी आली तेव्हा बारा वाजायला आले होते. कमरेला दोरी बांधली. चष्मा लावला, नळी तोंडात धरली आणि तोंड पाण्यात घातलं.

काय सांगू... सगळा राग गेला.

खाली कोबीचे गड्डे मांडल्यासारखे दगड. सांबराच्या शिंगांसारखी पोवळी. इरकलीच्या काठासारखे पट्टेवाले मासे माझ्या बोटांजवळून जात होते. आवाज फक्त एक. नळीतला माझा श्वास. आत... बाहेर... आत... बाहेर...

एक छोटा मासा अगदी काचेजवळ आला. तो पळू नये म्हणून मी श्वास रोखला.

नळीतला श्वास चालूच राहिला.

आत... बाहेर...

मी श्वास घट्ट धरून होतो. तरी चालूच.

आणि मग अगदी कानापाशी, अण्णाच्या आवाजात...

"दाजी... आनिक जरा खाली चला की."

मला वाटलं, अण्णाने पाण्यात उडी मारली. मी डोकं वर काढलं.

अण्णा बोटीत बसून शेंगा खात होता. चांगला चाळीस हात लांब.

मी कसाबसा बोटीवर चढलो. गाईडला सांगायला लागलो, तर हिंदी आठवेना. "उधर... पानी में... कोई साँस लेता है." पोरं हसली. मद्रासचा माणूस घड्याळ बघत होता.

मुनियांडी मात्र हसला नाही. त्याने मान फिरवली आणि दोरी गुंडाळायला लागला.

"अण्णा, तू जाऊ नकोस."

"का वो दाजी? कानात पानी शिरलं व्हय?"

"अरे माझं ऐक. खाली काहीतरी हाय."

"हाय की! ते बगायलाच तर आलोय." त्याने आपल्या अंगठीतलं पोवळं मला दाखवलं. "ह्ये कुटं उगवतंय ते बगतो आनि येतो."

मी त्याचा दंड धरला. त्याने हसत सोडवून घेतला. इतका वैताग आला... कुणीच का ऐकत नाही?

अण्णा पाण्यात गेला.

पालथा तरंगत होता. नळी वर. उजवा हात पुढे... कुणीतरी धरल्यासारखा.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"ओढा त्याला," मी म्हणालो.

"आराम से देखता है," मुनियांडी म्हणाला. पण त्याची नजर पाण्यावरून हलत नव्हती.

वीस मिनिटं. अर्धा तास.

मी ओरडत होतो. उडी मारायला निघालो तर जगदेवीने मला घट्ट धरून ठेवलं. "तुमी नगा जाऊ! तुमी नगा जाऊ!" शेवटी मीच दोरी हिसकावली आणि ओढली. दोरी जड लागली. एका माणसाला ओढताना लागेल त्यापेक्षा जड. मग एकदम हलकी झाली.

अण्णा वर आला तो चिडूनच.

"कशाला वडलं? तुमीच म्हनला की, आनिक जरा फुडं चला म्हनून! आनि तुमी वर कवा आला?"

"मी अर्धा तास इथंच हाय, अण्णा."

"थट्टा नगं दाजी."

"व्हय रं अण्णा," जगदेवी म्हणाली, "हे माज्यापाशीच व्हते. मी धरून बसले व्हते."

अण्णाने माझ्याकडे बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडे.

"मग मी हात कुनाचा धरला व्हता?"

परत येताना मी मुनियांडीला चार वेळा विचारलं. तिथे काय आहे? कुणी बुडालंय का? त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. धक्क्याला बोट लागली तशी त्याने आम्हाला उतरवलं आणि मागे न बघता निघून गेला. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रामेश्वरचं दर्शन घेतलं आणि घरी आलो.

सहा-सात महिने काही नाही. मग दिवाळीच्या सुमारास अण्णा एकदा दुकानातून ओरडला.

"काय दाजी, काल समोर येऊन हुबा ऱ्हायला, बोलला न्हाईत!"

"काल मी ड्यूटीवर होतो."

"मग कोन आलं व्हतं?"

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी त्याच्यावर खेकसलो. लोकांसमोर. "डोकं फिरलंय का तुझं? पुन्हा हे बोललास तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही!"

त्यानंतर अण्णाने मला कधीच काही सांगितलं नाही.

ते मी तेव्हा करायला नको होतं.

कार्तिक संपत आला होता. माझी सहा ते दोनची पाळी होती. घरी येऊन चप्पल काढतोय तोवर अण्णाची बायको, बसव्वा वहिनी, आली.

आली ती दारातच थबकली. माझ्याकडे बघतच राहिली.

"तुमी... गेला न्हाईत?"

"कुठं?"

"सकाळी आठला हे पिशवी घेऊन निगाले की. म्हनले, दाजी न्यायला आलेत. भायेर हुबे हायेत. आमी दोघं रामेश्वरला चाललोय."

"तुम्ही बघितलं मला?"

"न्हाय. मी चुलीपाशी व्हते. आवाज आयकला. तुमचाच."

मी तसाच स्टेशनवर पळालो. होटगीहून सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, सगळीकडे रेल्वेच्या फोनवरून निरोप दिले. काही पत्ता नाही. माझ्या खिडकीवर तिकिटाला तर तो आलाच नव्हता. पोलिसांत गेलो तर ते म्हणाले, गाडीत बसून गेला ना, मग रेल्वे पोलिसांत जा. रेल्वे पोलीस म्हणाले, माणूस गावातून गेलाय, गावात तक्रार द्या. दोन दिवस मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्मवर शिवलिंगप्पा भेटला. तिकीट तपासनीस. माझ्या दहा वर्षांच्या ओळखीचा.

मी म्हणालो, "शिवलिंगप्पा, सोमवारच्या गाडीत आमचा मेव्हणा दिसला का रे? उंच, मिशीवाला, उजव्या हातात पोवळ्याची अंगठी."

त्याने मला नीट न्याहाळलं.

"भीमाशंकर, थट्टा करतो काय?"

"अरे थट्टा कसली!"

"तूच होतास की त्याच्या शेजारी. खिडकीपाशी. मी चहा विचारला, तर नुसता बघत राहिलास. मला रागच आला. वाडीपर्यंत माझी ड्यूटी होती. तोवर तू एक शब्द बोलला नाहीस. आणि त्याचा हात धरून बसला होतास... लहान पोराचा धरावा तसा."



शिवलिंगप्पाने ते पोलिसांनाही सांगितलं. मग काय... संशय माझ्यावरच! मेव्हण्याला कुठे नेलास? दोघांत भांडण होतं ना? दुकानात ओरडला होतास ना? आठ दिवस मला चौकीत बोलवत होते. शेवटी हजेरीचं रजिस्टर आणलं. त्या दिवशी सकाळी सहा ते दोन मी खिडकीवर होतो. माझ्या हातून तिकीट घेतलेली माणसं उभी केली. तेव्हा सुटलो. पण शिवलिंगप्पा आपलं म्हणणं बदलेना. मरेपर्यंत बदललं नाही त्याने.

रजा टाकून मी एकटाच मंडपमला गेलो.

मुनियांडी धक्क्याजवळच बोटीत होता. तीन-चार माणसं बसलेली, निघायच्या तयारीत. मी लांबून हात केला. त्याने मला बघितलं...

त्याचं तोंड एवढंसं झालं. माणसांना बोटीतून उतरवायलाही तो थांबला नाही. तशीच बोट ढकलली आणि निघून गेला.

मी दोन दिवस त्या धक्क्यावर बसून होतो. भर उन्हात. त्याची बोट दुसऱ्या किनाऱ्याला लागत होती. माझ्यासमोर तो आलाच नाही. इतर कोळ्यांना माझी भाषा येईना, मला त्यांची. अण्णाचा फोटो दाखवला की ते फोटोकडे बघायचे नाहीत. माझ्याकडे बघायचे. आणि एकेक करून उठून जायचे.

दोन रात्री गाडीत काढून मी होटगीला परत आलो. दुपारचे तीन वाजले असतील. अंगात त्राण नव्हतं. डोकं भणभणत होतं.

जगदेवीने दार उघडलं.

माझ्या मागे, रस्त्याकडे बघितलं. मग विचारलं,

"अण्णा कुटाय?"

"सापडला नाही," मी ओरडलोच. "सापडला असता तर आणला नसता का? पाणी तरी दे आधी!"

ती जागची हलली नाही.

"पर काल तुमी म्हनला व्हता की... अण्णा मागनं येतोय म्हनून."

"काल?"

"व्हय. काल दुपारी आला न्हाईत का तुमी? जेवला. दीड-दोन तास बसला. मग अण्णाला आनतो म्हनून गेला."

काल दुपारी मी गाडीत होतो. गुंटकलच्याही पलीकडे.

मी तिला तिकिटं दाखवली. तिने ती हातातही घेतली नाहीत. भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. मी घरातले सगळे कोपरे धुंडाळले. काही नव्हतं. ताट घासून ठेवलेलं होतं. बाजेवरची चादर नीट घडी घातलेली होती. मी चादरीची घडी कधीच घालत नाही.

अण्णा कधीच आला नाही. बसव्वा वहिनींनी दुकान चालवलं, पोरं मोठी केली. आम्ही पुढच्याच वर्षी बदली मागून होटगी सोडली. त्यानंतर पुन्हा कुणाला काही दिसलं नाही. निदान मला तरी कुणी सांगितलं नाही.

पोलीस म्हणाले, माणूस परागंदा झाला. नातेवाईक अजून माझ्या पाठीमागे काय बोलतात, ते मला माहीत आहे. त्याचा आता राग येत नाही.

राग येतो तो एकाच गोष्टीचा.

जगदेवी दोन हजार नऊ साली गेली. तोवर तेहतीस वर्षं मी तिला विचारत होतो. त्या दुपारी दीड-दोन तास तो बसला होता... काय बोलला तुझ्याशी? कधी गोडीने विचारलं. कधी चिडून, ओरडून. ती काम करत राहायची.

एकदाच बोलली. दवाखान्यात, जायच्या आदल्या आठवड्यात. खिडकीतून ऊन येत होतं. मी पुन्हा तेच विचारलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली,

"लई चांगलं बोलला. तुमी कदीच बोलला न्हाईत तसं."