जोडीदाराची यंत्रे

यंत्रे विकायला काढली ती लीनाबाईंनीच, हे आधी स्पष्ट सांगितलेले बरे. मुलाने, सुश्रुतने, पुण्याहून नुसते सुचवले होते. फोटो काढून पाठवले त्यांनी, सोनईच्या सहादेव सुताराला फोन लावला त्यांनी आणि परसातल्या शेडचे कुलूप उघडले तेही त्यांनीच. सेवानिवृत्त झाली तरी शिक्षिका ती शिक्षिकाच. आपली जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर लिहिणे त्यांना जमणारे नव्हते.

त्यांच्या नवऱ्याला, सुमंतरावांना, नोकरी संपल्यावर सुतारकामाचे वेड लागले. राहुरीच्या घरामागे त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि एकेक यंत्र आणायला सुरुवात केली. रंधा मशीन, नक्षी कापायची जिगसॉ करवत, ड्रिल, लाकडात खाचा पाडणारे राउटर. विचित्र गोष्ट एवढीच, की प्रत्येक यंत्र ते दोन आणीत. एक उजवीकडच्या फळीवर, दुसरे डावीकडच्या.

"एक तुमचे. दुसरे कोणाचे?" लीनाबाईंनी एकदा विचारले होते.

"जोडीदाराचे," असे म्हणून ते मिशीत हसले होते.

नवऱ्याच्या थट्टा बाईंना पाठ होत्या. दुपारी आडवे पडल्यावर परसातून रंध्याचे दोन आवाज ऐकू येत. एक चढा आणि उतावळा. दुसरा खालच्या पट्टीतला, संथ, भजनात मागच्या टाळकऱ्याने ध्रुपद उचलावे तसा. पत्र्यावर आवाज घुमतो, असे सुमंतराव सांगत. बाईंना ते पटत असे, कारण न पटण्याचे काही कारण नव्हते.

गेल्या चैत्रात सुमंतराव गेले. बाईंचे गुडघे धरतात, पूजेला खाली बसवत नाही, म्हणून ते त्यांच्यासाठी एक बुटकी खुर्ची करत होते. तिचे चार पाय तेवढे उभे राहिले होते. बाईंनी तिच्यावर जुनी चादर घातली, शेडचा फ्यूज काढून कपाटात ठेवला आणि दाराला कुलूप लावले.

त्यानंतर दिवाळी सरली आणि बंद शेडमधून रंधा ऐकू येऊ लागला.

हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. भूतखेत मानणाऱ्यांची त्यांनी आयुष्यभर कानउघाडणी केली होती. पण दुपारचा चहा त्या मागच्या पायरीवर घेऊ लागल्या. साखर कारखान्याच्या मळीचा उग्र दर्प वाऱ्यावर येई आणि त्यातूनच कधी ताज्या सागाचा वास. बंद दाराकडे पाहत त्या हळूच म्हणत, "सावकाश करा. घाई नाही." खुर्ची पुरी करायला ते आले आहेत, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. म्हणूनच सुश्रुतने सगळीच यंत्रे काढून टाकू म्हटल्यावर त्या केवळ डावीकडची, ज्यादाची यंत्रे द्यायला तयार झाल्या. सुमंतरावांची यंत्रे गेली असती, तर तेही गेले असते.

रविवारी उन्हे कलताना सहादेव टेम्पो घेऊन आला. सुश्रुत आदल्या दिवशीच आला होता. तिघे शेडमध्ये शिरले.

"मास्तरीनबाई, डावीकडली न्यायची ना?"

"नुसते बाई म्हणा. हो, डावीकडची."

सहादेवने डाव्या फळीवरचा रंधा उचलला आणि लगेच खाली ठेवला. तळहात पँटला पुसत तो म्हणाला, "बाई... ह्यो गरम हाय."

"उन्हाने तापला असेल," सुश्रुत म्हणाला.

"ऊन पल्याडच्या फळीवर पडलंय, साहेब. हिकडं सावली हाय."

बाई उजवीकडच्या फळीपाशी गेल्या. सुमंतरावांच्या रंध्यावर त्यांनी हात ठेवला. उन्हात असूनही तो गार होता. मुठीवर कोळ्याने जाळे विणले होते आणि धुळीवर त्यांची बोटे जशीच्या तशी उमटली. त्या ड्रिलला, राउटरला हात लावत गेल्या. सगळे गार, सगळे धुळीने माखलेले.

मग त्या डावीकडे वळल्या. तिथला रंधा कोमट होता, कोणी नुकत्याच हातातून खाली ठेवलेल्या चहाच्या कपासारखा. त्याच्या भुशाच्या पिशवीतून सागाची पिवळीधमक ढलपी डोकावत होती.

"तुम्ही नव्हताच तर..." त्या पुटपुटल्या.

"काय म्हणालीस, आई?"

त्यांनी खुर्चीवरची चादर ओढून काढली. पायांवर बैठक बसली होती, कडा गोल केल्या होत्या, पाठीच्या दोन पट्ट्या लागल्या होत्या. तिसरीची जागा रिकामी होती.

सुश्रुतने दाराकडे पाहिले, मग आईकडे. "इथे कोणी काम करतंय का? खरं सांग."

"फ्यूज माझ्या कपाटात आहे," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. गुडघे दुखले नाहीत. उंची नेमकी होती. त्यांचे माप सुमंतरावांनी कोणाला सांगितले होते की कोणी पायरीवर बसलेल्या बाईंना पाहून ते घेतले होते, हा विचार मनात आला तेव्हा मात्र त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"मी ही न्हाई नेत," सहादेव हळू आवाजात म्हणाला. "आमच्यात चालू कामावरचं हत्यार उचलत न्हाईत. मग ते कुनाचं का असंना..."

"बरोबर आहे. तुम्ही उजवीकडची न्या."

"आई, ती बाबांची आहेत. ज्यादाची विकायची ठरलं होतं ना?"

"ज्यादाची कोणती, ते आत्ता कळले." बाईंनी पदराने सुमंतरावांचा रंधा पुसला, मुठीवरचे जाळे अलगद काढले, गावाला निघालेल्या माणसाच्या सदऱ्याची कॉलर नीट करावी तसे. "त्यांचे काम संपले आहे, सुश्रुत. मला ते मान्य करायला वेळ लागला, इतकेच. यंत्रे पडून गंजण्यापेक्षा चालत्या हातात जाऊ देत."

"आणि ही? ही कोणासाठी ठेवायची?"

"जोडीदारासाठी. बाबांनी कधी खोटे सांगितल्याचे तुला आठवते का?"

सुश्रुतने उजव्या फळीवरच्या ड्रिलवर हात ठेवला. मग म्हणाला, "ड्रिल मी नेऊ? बाबांची?"

"ने. पण वापर. शोभेला ठेवू नकोस."

घरातला कोणताही निर्णय बाई वर्गातल्यासारखाच घेत. त्या खुर्चीतून उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तर असे ठरते. यांची यंत्रे सहादेव नेतील, ड्रिल सुश्रुतकडे राहील. डावीकडची इथेच राहतील आणि आजपासून शेडला कुलूप लागणार नाही. ज्यांना मान्य आहे, त्यांनी हात वर करावा."

सहादेव ओशाळा हसला आणि त्याने हात वर केला. सुश्रुतने नाइलाजाने केला. बाईंनी स्वतःचा केला. दारातून आत आलेल्या तिरप्या उन्हात समोरच्या पत्र्याच्या भिंतीवर हातांच्या सावल्या उमटल्या.

सावल्या चार होत्या. चौथी जराशी ठेंगणी होती आणि तिचा वर गेलेला हात डावा होता.

बाईंच्या तोंडून सवयीने शब्द निघाले, "हात खाली."

तीन सावल्यांनी हात खाली घेतले. चौथीने जरा उशिरा घेतला.